वर्गाचा ब्लॉग सुरू करताना

पहिल्याच सत्रात सगळं ऑनलाइन नेऊ नका. एक विषय, एक ब्लॉग, एवढंच करा. नोट्स टाकायला तो वापरू नका. त्यासाठी मूडल ही अभ्याससाहित्य ठेवायची ऑनलाइन प्रणाली 2002 पासून आहेच. ब्लॉगचं बळ विद्यार्थ्यांच्या लिखाणात आहे. आपलं लिहिलेलं फक्त शिक्षक नाही, तर शेजारच्या बाकावरचा मित्रही वाचणार, हे कळलं की त्यांची वाक्यं बदलतात. तो बदल बघणं हा मला या कामातला सर्वांत मोठा आनंद वाटतो.

प्रश्न मात्र नेमका द्या. ‘प्रकाशसंश्लेषणावर लिहा’ म्हटलंत तर विकिपीडिया जसाच्या तसा उतरून येईल. ‘तुमच्या प्रयोगाचं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं का आलं?’ असं विचारलंत तर विचार करावाच लागतो. टिप्पण्यांनाही थोडे गुण ठेवा, नाहीतर कोणी कोणाचं वाचत नाही. आणि पहिली टिप्पणी तुमची नको. शिक्षकांनी मत दिलं की बाकीचे गप्प होतात.

चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे कर्त्यानेच काही अटींवर मोफत वापरायला दिलेली, घ्यायला सांगा, कर्त्याच्या नावासकट. टोपणनावाने लिहायची मुभा द्या. गुण ब्लॉगवर कधीही जाहीर करू नका. अनेकांकडे फक्त मोबाइल असतो, तेव्हा जड व्हिडिओ टाळा. ब्लॉगसाठी वर्डप्रेस ही प्रणाली वापरत असाल तर सत्र संपताच सगळं एक्स्पोर्ट करून, म्हणजे फाइलमध्ये उतरवून, ठेवा.