वाचकांचे प्रश्न : टर्मिनलखालचं रेल्वे स्थानक

प्रश्न : नव्या विमानतळाला हायस्पीड रेल्वे जोडायची आहे. आधी विमानतळ सुरू केला आणि स्थानक सवडीनं बांधलं, तर काय बिघडतं?

उत्तर : जमिनीखालचं सगळं बिघडतं. युरोपातल्या हायस्पीड मार्गांवर फलाट 400 मीटर लांबीचा धरतात आणि त्यालगतचा रूळ जवळपास सपाट लागतो. गाडी न थांबता ताशी 300 किलोमीटरनं जाणार असेल, तर वळणाची त्रिज्याच काही किलोमीटर होते. रुळांची रेषा मनासारखी वळवता येत नाही. टर्मिनल सरकवता येतं, पण तेही नकाशावर असेपर्यंतच.

म्हणून सुरुवात वाऱ्यापासून करा. निदान पाच वर्षांच्या नोंदी घेऊन धावपट्टीची दिशा ठरवा. आडवा वारा धरूनही 95 टक्के वेळ ती वापरता आली पाहिजे. दोन समांतर धावपट्ट्यांवर विमानं एकमेकांवर अवलंबून न राहता उतरवायची, तर मध्यरेषांमधलं अंतर कमीत कमी 1035 मीटर लागतं. मधे टर्मिनल बसवायचं असेल, तर याहून पुष्कळ जास्त ठेवावं लागतं. त्यानंतर रुळांची रेषा आखा आणि टर्मिनलचे खांब सगळ्यात शेवटी, फलाटांच्या मापानं बसवा. हा क्रम उलटला की वरच्या इमारतीचा खांब नेमका जिन्यासमोर किंवा फलाटाच्या मधोमध उतरतो, आणि तो पुढे कुणालाच हलवता येत नाही. रेल्वेचा निधी मागाहून मिळणार असला तरी स्थानकाचा काँक्रीटचा सांगाडा टर्मिनलच्या पायासोबतच बांधून घ्या. चालू टर्मिनलखाली खोदकाम करण्याची वेळ येऊ देऊ नका.

प्रश्न : न थांबणाऱ्या गाड्यांचा त्रास प्रवाशांना होत नाही का?

उत्तर : होतो. बंदिस्त जागेत गाडी हवा पुढे ढकलते आणि फलाटावर जोराचा झोत येतो. फ्रान्समध्ये लियाँ विमानतळाच्या स्थानकात म्हणूनच मधले दोन रूळ काँक्रीटच्या बोगद्यात बंद केले आहेत. बीजिंगच्या डाशिंग विमानतळात टर्मिनल आणि खालचं स्थानक यांच्यामधे कंपनं अडवणारी बेअरिंग आहेत.

लियाँकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. स्थानक भव्य आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. आराखड्याआधी वेळापत्रक लिहा : तासाला किती गाड्या थांबतील आणि त्या पुढे कुठे जातील. शेवटचं स्थानक करण्यापेक्षा आरपार मार्गावरचं स्थानक आमच्या मते केव्हाही चांगलं, कारण दोन्ही बाजूंच्या शहरांतले प्रवासी मिळतात.

प्रश्न : बांधून झाल्यावरही उद्घाटनं का रखडतात?

उत्तर : बहुतेक वेळा यंत्रणा एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून. जर्मनीतला बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विमानतळ जून 2012 मध्ये सुरू व्हायचा होता, तो ऑक्टोबर 2020 मध्ये झाला. मुख्य अडचण आगीचा धूर बाहेर काढण्याच्या यंत्रणेची होती. टर्मिनलखालचं स्थानक मात्र तयार होतं. बोगद्यात हवा खेळती राहावी म्हणून तिथून रिकाम्या गाड्या फिरवाव्या लागल्या. धूर, दरवाजे, सरकते जिने आणि घोषणा यांची चाचणी स्थानक व टर्मिनल मिळून एकत्रच घ्या, आणि तिच्यासाठी राखलेले महिने बांधकामाला उशीर झाला म्हणून कापू नका.