माळावरची गवते : बागेत आणि फुलदाणीत

प्रश्न : हिरवळीऐवजी स्थानिक गवते आणि माळावरची फुलझाडे लावली. खतपाणी वेळच्या वेळी देऊनही गवत उंच वाढून आडवे पडले आणि फुलझाडे खुजीच राहिली. काय चुकले?

उत्तर : खतपाणीच चुकले. ही गवते हलक्या, नत्र कमी असलेल्या जमिनीला सरावलेली असतात. त्यांना खताचा मारा झाला की ताटे भराभर वाढतात, पण पोचट राहून पहिल्याच जोराच्या वाऱ्यात लोळतात, आणि त्यांच्या सावलीत बुटक्या फुलझाडांचा उजेड अडतो. खत पूर्ण बंद करावे आणि रोपांनी मूळ धरले की पाणीही हळूहळू तोडावे. फुलझाडांच्या बाबतीत मात्र आपण थोडी घाई करत आहात. माळावरच्या बहुवर्षायू वनस्पती पहिल्या वर्षी आपले बळ मुळांत घालतात (उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीतील, म्हणजे विस्तीर्ण गवताळ माळांवरील, स्विचग्रास या गवताची मुळे 3 मीटरपर्यंत खोल जातात), त्यामुळे त्या वर्षी आपल्या वाट्याला बहुतांशी खुरपणीच येते.

लावणीत सर्रास होणारी चूक म्हणजे प्रत्येक जातीचे एकेक रोप आणून शेजारी शेजारी लावणे. त्यातून नमुन्यांचे प्रदर्शन तयार होते, माळ तयार होत नाही. एका गवताचे बरेच ठोंब सलग लावून फुलझाडे त्यांत अधूनमधून पेरावीत. न्यूयॉर्कमध्ये बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर 2009 मध्ये खुल्या झालेल्या हाय लाइन उद्यानाची लावणी डच उद्यानरचनाकार पीट आउडॉल्फ यांनी याच धाटणीची केली असून तेथे वाळलेले देठ हिवाळाभर उभे ठेवून वसंताच्या तोंडावर कापतात. बिया पाखरांना मिळतात आणि पोकळ देठांत कीटकांना आसरा मिळतो. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी ते लवकर कापणे आम्हाला पटत नाही.

'शोभेचे गवत' एवढ्याच नावावर रोप घेऊ नये. दक्षिण अमेरिकेतील पंपास गवत शोभेसाठी नेले गेले आणि कॅलिफोर्नियात व न्यूझीलंडमध्ये उपद्रवी तण होऊन बसले.

प्रश्न : पुष्परचनेत वापरलेले गवताचे तुरे दोन दिवसांत झडून टेबलभर कचरा होतो. उपाय सांगावा.

उत्तर : तुरे पिकल्यावर कापले जात असावेत. गवत पोटरीतून (तुऱ्याभोवतीच्या पानाच्या वेष्टनातून) नुकतेच निसवू लागले, तुरा अजून मिटलेला आणि चकचकीत आहे, अशा वेळी दव उतरल्यावर कापावे. सुकवायचे असल्यास लहान जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगाव्यात. कुसळी या गवताच्या बाबतीत तर पिकण्याआधी कापण्याचे पथ्य पाळावेच लागते. तिची काळपट कुसळे पिकताना एकमेकांत वेणीसारखी गुंफली जातात, ओल लागली की पीळ सोडत फिरतात आणि टोकाचे अणकुचीदार बी कपड्यांत घुसते.

माळावरून कापताना एका ठोंबातील दोनचार काड्याच घ्याव्यात आणि रोप मुळासकट कधीही उपटू नये.

फुलांपैकी लिॲट्रिस (उत्तर अमेरिकेतील, लांब जांभळ्या तुऱ्यांचे फुलझाड) अवश्य वापरून पाहावे. बहुतेक तुरे खालून वर फुलत जातात, हे मात्र शेंड्याकडून खाली फुलते. म्हणून वरची थोडी फुले उमलताच ते कापावे, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि पुढे शेंडा तपकिरी पडला की तेवढाच खुडून टाकावा, म्हणजे खालचा तुरा पुन्हा ताजा दिसतो.