वाचकांचे प्रश्न : जुनी रहस्यकथा वाचकाला धरून कशी ठेवते?

मागील अंकात जुन्या शोधकथांवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. ज्या कथांचा उल्लेख आला आहे, त्यांतील गुन्हेगाराचे नाव कोठेही सांगितलेले नाही. ज्यांनी त्या कथा अजून वाचलेल्या नाहीत, त्यांचा आनंद आपण हिरावून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रहस्यकथांत पाठलाग आणि मारामारी फारशी नसते. बहुतेक वेळ माणसे खोलीत बसून बोलत असतात. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही, ते का?

उत्तर : लेखक काहीतरी लपवतो आणि ते कळावे म्हणून आपण वाचत राहतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माझे मत याच्या उलट आहे. नुसते लपवल्याने उत्कंठा चार पानांपलीकडे टिकत नाही. वाचकाला कंटाळा तरी येतो किंवा राग तरी. चांगला रहस्यकथाकार महत्त्वाची गोष्ट वाचकासमोर उघड्यावर ठेवतो आणि तिच्याकडे त्याची नजर जाणार नाही, किंवा गेली तरी तेथे ठरणार नाही, अशी व्यवस्था करतो. उत्तर आपल्या हाती आलेले आहे, पण ते आपल्याला ओळखता येत नाही, ही जाणीव वाचकाला जागेवरून हलू देत नाही.

आर्थर कॉनन डॉयल यांची १८९१ साली ‘स्ट्रँड’ मासिकात आलेली ‘द रेड-हेडेड लीग’ ही कथा या दृष्टीने पाहावी. गहाणवटीचे छोटे दुकान चालवणारा, लालभडक केसांचा एक गृहस्थ शेरलॉक होम्सकडे येतो. लाल केसांच्या पुरुषांसाठी निघालेल्या एका संस्थेने त्याला आठवड्याला चार पौंडांवर कामाला ठेवलेले असते. काम एवढेच, की रोज दहा ते दोन या वेळात कार्यालयात बसून विश्वकोशातील मजकूर उतरवून काढायचा आणि कोणत्याही कारणासाठी जागा सोडायची नाही. आठ आठवड्यांनंतर एका सकाळी दाराला कुलूप दिसते आणि संस्था बरखास्त झाल्याची सूचना तेथे लावलेली असते. प्रकार इतका विचित्र आहे की वाचकाचे सगळे लक्ष लाल केसांवर आणि विश्वकोशावर खिळते. त्याच बोलण्याच्या ओघात तो गृहस्थ आपल्या दुकानातील मदतनिसाविषयी दोन गोष्टी सांगून जातो : तो निम्म्या पगारावर राहायला तयार झाला, आणि फोटोग्राफीच्या नादापायी तो सारखा तळघरात उतरत असतो. पुढे होम्स त्या दुकानासमोर जातो, हातातील काठी फरसबंदीवर दोन-तीनदा आपटतो, दार उघडणाऱ्या मदतनिसाला रस्ता विचारतो आणि परत फिरतो. रस्ता विचारायचे निमित्त करून काय पाहिले, असे त्याचा मित्र वॉटसन याने विचारल्यावर, त्या माणसाच्या पँटचे गुडघे पाहिले, असे उत्तर मिळते. मग तो कोपऱ्यावरून वळून, त्या इमारतींच्या मागच्या रस्त्यावर ओळीने काय काय आहे, तेही पाहून घेतो.

निम्मा पगार, तळघर, मालकाचे रोज चार तास बाहेर असणे, काठीचा आवाज, गुडघे आणि मागचा रस्ता, असे सगळे वाचकाच्या पुढ्यात मांडून झालेले आहे. पुस्तक मिटून विचार केला तर उत्तर येथेच सापडू शकते. शिवाय गुन्हा नेमका कोणता, हेच या कथेत बराच वेळ कळत नाही. म्हणजे ‘कोणी केले’ हा प्रश्न नसतानाही कथा धरून ठेवते. होम्सला काहीतरी कळले आहे हे आपल्याला दिसते, त्याने पाहिले तेच आपणही पाहिलेले असते, आणि त्याच्या व आपल्या समजुतीतील अंतर फार थोडे आहे असे वाटत राहते. हे अंतर मिटवण्यासाठी आपण पान उलटतो.

याच्या मुळाशी एक जुनी रचना आहे. एडगर अॅलन पो यांनी १८४१ मध्ये ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ लिहिली तेव्हापासून शोधकथेत दोन कथा एकत्र चालतात. तपासाची कथा पुढे सरकते आणि तिच्या प्रत्येक पावलागणिक गुन्ह्याची, म्हणजे आधीच घडून गेलेली कथा थोडी थोडी उलगडते. त्यामुळे खोलीत बसून चाललेल्या संभाषणातही काही घडत असते. साक्षीदाराचे एक वाक्य आदल्या रात्रीचा सगळा अर्थ बदलून टाकते.

प्रश्न : लघुकथेचे समजले, पण तीनशे पानांच्या कादंबरीत मधल्या भागात वाचक का कंटाळत नाही?

उत्तर : पुष्कळ कादंबऱ्यांत तो कंटाळतो. जेथे कंटाळत नाही, तेथे लेखकाने मोठ्या प्रश्नाच्या पोटात लहान प्रश्न पेरलेले असतात आणि त्यांची उत्तरे तो शेवटापर्यंत अडवून ठेवत नाही. खोटे नाव घेणारी बाई कोण, रात्री दिवा कोणी दाखवला, पत्राचा अर्धा तुकडा कोठे गेला, यांपैकी एक गाठ सुटते आणि तिच्यातून दुसरी पडते. वाचकाला अधूनमधून काहीतरी पदरात पडत राहिले, तरच तो मोठ्या उत्तरासाठी थांबायला तयार होतो.

मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध होण्याच्या पद्धतीने लेखकांना ही शिस्त लावली. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात ‘स्ट्रँड’मध्ये क्रमशः आली. तिच्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी मृतदेहापासून थोड्या अंतरावर पावलांचे ठसे सापडल्याचे डॉक्टर सांगतो. ते ठसे पुरुषाचे की स्त्रीचे, असे त्याला विचारले जाते, आणि ते एका प्रचंड हाउंडचे, म्हणजे शिकारी कुत्र्याचे होते, या उत्तरावर प्रकरण संपते. एका प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळाले आहे, आणि त्या उत्तरानेच वाचकाला आणखी मोठ्या कोड्यात टाकले आहे. नुसते दार वाजवून प्रकरण तोडण्यापेक्षा ही रीत कितीतरी प्रामाणिक आहे आणि तिचा परिणामही अधिक टिकतो.

प्रश्न : गुप्तहेराबरोबर नेहमी एक साधा मित्र का असतो? गुप्तहेरानेच कथा सांगितली तर काय बिघडेल?

उत्तर : गुप्तहेराने मनातले सगळे सांगितले तर रहस्य उरत नाही, आणि मनातले झाकून ठेवत कथा सांगितली तर वाचकाला फसवणूक वाटते. मित्र निवेदक असला की हा पेच सुटतो. पो यांच्या ‘रू मॉर्ग’ कथेतील तपास करणाऱ्या ऑग्यूस्त द्यूपँचा निनावी मित्र हा या परंपरेतील पहिला. हा मित्र गुप्तहेरासोबत सगळीकडे जातो, जे दिसते ते खरेपणाने लिहितो आणि अर्थ लावताना चुकतो. वाचकाला त्याचे डोळे मिळतात. विचार मात्र ज्याचा त्याने करायचा असतो. रोनल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे जे दहा नियम सांगितले, त्यांत अशा मित्राने मनात येणारा कोणताही विचार वाचकापासून लपवू नये आणि त्याची बुद्धी सामान्य वाचकाहून किंचित कमी असावी, असे म्हटले आहे. त्यातला ‘किंचित’ मला फार महत्त्वाचा वाटतो. मित्र अगदीच मंद असेल तर त्याच्या चुकांनी वाचकाची दिशाभूल होत नाही. त्याचा तर्क चुकीचा असूनही आपल्याला पटला पाहिजे, तरच गुप्तहेराचे उत्तर आल्यावर दचकायला होते.

मैत्रीचा ओलावा हा त्यातला आणखी एक लाभ आहे. निव्वळ बुद्धिमान माणसाच्या सहवासात वाचक फार काळ रमत नाही. त्या माणसावर कोणाचा तरी जीव आहे असे दिसले की तो आपलाही होतो.

प्रश्न : मुद्दाम खोटे धागे पेरून वाचकाला चुकवणे ही लबाडी नाही का?

उत्तर : खोटी माहिती देणे ही लबाडी आहे, खऱ्या माहितीवरून वाचकाला चुकीचा निष्कर्ष काढू देणे ही कला आहे. दोहोंमधील सीमारेषा जपण्यासाठी त्या काळच्या लेखकांनी किती मनावर घेतले होते, हे पाहून आदर वाटतो. अमेरिकेत एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये वीस नियम लिहिले. वर उल्लेखिलेल्या नॉक्स यांच्या नियमांत गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच यायला हवा, गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा त्याच क्षणी वाचकालाही दाखवायला हवा, आणि योगायोगाने किंवा अंतःप्रेरणेने उकल होता कामा नये, अशा अटी आहेत. लंडनमध्ये १९३० साली ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला, जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि तेथे नव्या सदस्याला अशाच आशयाची शपथ घ्यावी लागे. एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या जोडीने तर १९२९ च्या पहिल्याच कादंबरीत शेवटाआधी कथा थांबवून वाचकाला जाहीर आव्हान दिले, की सगळे पुरावे आता तुमच्याजवळ आहेत, उत्तर काढा.

तरीही वाद व्हायचे ते झालेच. अॅगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’चा शेवट १९२६ मध्ये काही वाचकांना अन्यायाचा वाटला. माझ्या मते तो न्याय्य आहे. ती कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक वाक्य जसेच्या तसे खरे असल्याचे दिसते. आपणच त्या वाक्यांमधल्या रिकाम्या जागेत आपल्या समजुती भरलेल्या असतात.

प्रश्न : बंद घर, बेट, बर्फात अडकलेली रेल्वे अशीच ठिकाणे वारंवार का येतात?

उत्तर : संशयितांची संख्या ठरलेली असावी म्हणून. हजारोंच्या शहरात गुन्हेगार कोणीही असू शकतो, आणि मग वाचक अंदाज करणेच सोडून देतो. आठ माणसे असतील तर तो प्रत्येकाचा हिशेब मनात ठेवतो आणि आपोआप तपासात सामील होतो.

प्रश्न : गुन्हेगार आधीच कळला तर रहस्यकथा वाचण्यात अर्थ उरतो का?

उत्तर : उरतो, आणि याचा पुरावा आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात दिला. त्यातील बहुतेक कथांचा पहिला भाग गुन्हा करणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे आणि दुसऱ्या भागात डॉक्टर थॉर्नडाइक तपास करतो. एका कथेत खून करून प्रेत रेल्वेच्या रुळांवर ठेवून घरी परतलेल्या माणसाला खुर्चीवर मृताची टोपी राहिलेली दिसते आणि तो ती जाळून टाकतो. लेखकाने आपल्याला सगळे दाखवले आहे, तरी आपण श्वास रोखून वाचतो. कारण आता त्या राखेतून कोणाला काय कळणार, हा प्रश्न उभा राहिलेला असतो. ‘कोण’ हा प्रश्न काढून टाकल्यावर ‘कसे कळणार’ हा प्रश्न तितकाच जोर धरतो.

प्रश्न : मला रहस्यकथा लिहायची आहे. खरा धागा कोठे ठेवावा?

उत्तर : जेथे त्याला दुसरे काही काम आहे, अशा ठिकाणी ठेवावा. १८९२ च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत शर्यतीचा घोडा तबेल्यातून नाहीसा होतो. त्या रात्री कुत्रा भुंकला नाही, हा त्यातील धागा जगप्रसिद्ध आहे, पण मला त्याच कथेतील जेवणाचा धागा अधिक शिकण्यासारखा वाटतो. मोलकरीण तबेल्यातील मुलासाठी मसालेदार मटणाचे ताट घेऊन चालली असताना अंधारातून एक अनोळखी माणूस पुढे येतो. वाचक त्या माणसाकडे पाहत राहतो आणि ताट विसरतो. मुलाला जेवणातून अफू दिली गेल्याचे पुढे कळते, तरी मटणाचा विचार कोणी करत नाही. होम्स करतो : अफूची चव साध्या अन्नात लपत नाही, मसालेदार पदार्थात लपते, आणि त्या रात्री नेमका तोच पदार्थ शिजावा, हे बाहेरच्या माणसाच्या हाती नव्हते. ताट त्या प्रसंगात आले ते मोलकरणीला रात्री बाहेर पडायला कारण हवे म्हणून; निदान आपली तशी समजूत होते.

म्हणून धागा एकट्याने येऊ देऊ नका, त्याच्या लगेच पुढे काहीतरी ठळक घडू द्या, आणि शक्यतो कथेच्या पहिल्या तृतीयांशातच तो येऊन जाऊ द्या. खर्डा झाला की उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाला अर्धी कथा वाचायला द्या आणि काय काय आठवते ते विचारा. धाग्याचा त्याला पत्ताच नसेल तर तो जरा वर आणा. तो धागाच त्याने पहिल्यांदा सांगितला, तर त्याच्यापुढे आणखी काही घडवावे लागेल. दुसरा प्रसंग सांगता सांगता त्याच्या तोंडून तो सहज निघून गेला, तर त्याची जागा बदलू नका.