खोकताना लघवी गळते म्हणून आईची गर्भपिशवी काढावी का?

तुम्ही लिहिलंय: आई ५६ वर्षांची, कर्नाटकातल्या निपाणीत. तीन बाळंतपणं. उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली, आता घरी बिड्या वळतात. खोकलं, शिंकलं, घागर उचलली की लघवी गळते. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. आणि कुणीतरी सांगितलंय, पिशवी काढून टाका, सगळं थांबेल.

नाही थांबणार. लघवी धरून ठेवायचं काम गर्भपिशवीचं नाहीच. ते काम मूत्रमार्गाभोवतीच्या स्नायूचं आणि त्याला खालून झोळीसारखा आधार देणाऱ्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं. बाळंतपणात ते ताणले जातात, पाळी गेल्यावर आणखी ढिले पडतात, वर तंबाखूच्या धुळीचा जुना खोकला रोज त्यांच्यावर आदळतो. पिशवी काढून हे स्नायू घट्ट होत नाहीत, उलट पुढे जाऊन गळतीचा धोका थोडा वाढतोच. मोठी गाठ, न थांबणारा रक्तस्राव, कॅन्सर, अंग बाहेर येणं ही पिशवी काढण्याची कारणं असू शकतात. खोकताना होणारी गळती हे कारण नाही. आपल्या भागात हा सल्ला ज्या सहजपणे दिला जातो त्याची मला मनापासून चीड आहे.

आधी प्रकार ओळखा. खोकताना, उचलताना चमचाभर गळते की जोराची घाई लागून मोरीपर्यंत पोचायच्या आत होते? पहिल्यात आधार ढिला असतो, दुसऱ्यात मूत्राशय नको तेव्हा आवळतं. पुष्कळ बायकांना दोन्ही असतं आणि दोन्हींचा इलाज वेगळा. तीन दिवस वहीत लिहून काढा: किती वाजता गेली, किती मिली झाली, कधी गळली, तेव्हा काय चाललं होतं, पाणी-चहा किती. मोजायला जुना प्लास्टिकचा मग घ्या, लग्नात मिळते ती २०० मिलीची बाटली त्यात ओतून खूण करा, अजून एक ओतून ४०० ची. दिवसाला सात-आठ वेळा आणि प्रत्येक वेळी २५० ते ४०० मिली हे साधारण ठीक. दर तासाला जाऊन ८०-१०० मिलीच होत असेल तर घाईचा प्रकार जास्त.

मग गोळ्यांची पाकिटं उलटी करून नावं वाचा. रामिप्रिल, एनालाप्रिल यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. वखारीच्या खोकल्यावर हा दुसरा खोकला आला की गळती वाढणारच. प्राझोसिन मूत्रमार्गाचा स्नायू सैल करतं. शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, म्हणून लघवी जास्त होते. यातली कुठलीही स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टरांना पाकीट दाखवून 'ही बदलता येईल का' एवढं विचारायचं.

आता व्यायाम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे हेच स्नायू आवळून सोडायचे, त्यालाच केगल म्हणतात. 'ते केगल-बिगल करून काही होत नाही' असं म्हणणारे मला घरोघरी, आणि दवाखान्यातसुद्धा, भेटतात. होत नाही, कारण तो शिकवलाच जात नाही. हातात एक कागद देतात, कन्नड नाहीतर इंग्रजी. आई वाचणार मराठी. 'लघवी रोखल्यासारखं करा' एवढं ऐकून पुष्कळ बायका नेमकं उलटं करतात, शौचाला जोर लावावा तसा खाली जोर देतात. महिनाभर असा जोर दिला तर गळती कमी होईल कशी?

आधी लघवीला जाऊन यायचं. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे. वारा आणि लघवी एकाच वेळी अडवल्यासारखं आतून वर ओढायचं. मांड्या, कुल्ले ढिले. एक हात पोटावर, पोट फुगता कामा नये. मोठ्यानं आकडे मोजायचे, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. बरोबर होतंय का हे कळायला हात धुऊन एक बोट योनीत घालून बघायचं: बोटाभोवती आवळ आला आणि ते आत-वर ओढल्यासारखं झालं तर बरोबर, बाहेर ढकललं गेलं तर चूक. आईला हे करवत नसेल तर बाई फिजिओथेरपिस्ट किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ पाच मिनिटांत तपासून सांगेल. ही तपासणी टाळून केलेला व्यायाम म्हणजे अंधारात चाललेला प्रयोग.

सुरुवातीला जेवढं धरवतं तेवढंच, तीन सेकंद तर तीन. तेवढीच विश्रांती. असं आठ ते दहा वेळा, मग आठ-दहा झटपट आवळून सोडायचे. दिवसातून तीनदा. जमेल तसा आठवड्याला एखादा सेकंद वाढवत दहापर्यंत न्यायचं. झोपून जमलं की बसून, मग उभ्यानं. बिड्या वळताना सूप मांडीवर असतंच, एक बंडल बांधून झालं की एक फेरी करायची, वेगळा वेळ काढायला नको. धार मध्येच तोडून सराव मात्र करू नका, मूत्राशय अर्धवट रिकामं राहतं. स्नायू ओळखायला एकदा केलं तर चालेल.

सगळ्यात लवकर उपयोग होतो तो एका सवयीचा. खोकला येतोय असं वाटलं, घागरीला हात घातला, की त्या आधीच आवळायचं आणि खोकून होईपर्यंत सोडायचं नाही. बाकी ताकदीला किमान तीन महिने लागतात. तीन आठवड्यांत सोडून देऊन 'गुण आला नाही' म्हणू नये.

पाणी तोडणं हा दुसरा घरगुती मूर्खपणा. कोल्हापूरला एसटीनं जायचं म्हणून सकाळपासून घोटभरही न पिणाऱ्या बायका आहेत. दाट लघवीनं मूत्राशय जळजळतं, बद्धकोष्ठ होतं, कुंथताना पुन्हा त्याच स्नायूंवर जोर येतो. दीड ते दोन लिटर प्यावं, हृदय-किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं. तोडायचा असेल तर चहा तोडा. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरल्यानंही फरक पडतो.

घाईचा प्रकार निघाला तर घाई आली की धावायचं नाही. बसून चार-पाच वेळा झटपट आवळायचं, लाट ओसरली की जायचं. दोन वेळांतलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवत तीन तासांवर आणायचं, निदान सहा आठवडे. तरी उरलं तर सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉनसारख्या गोळ्या आहेत. पहिलीनं तोंड सुकतं, बद्धकोष्ठ होतं, दुसरीबरोबर बीपीवर लक्ष लागतं. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणाला योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं, त्यानं घाई आणि वारंवारचं इन्फेक्शन कमी होतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर विचारल्याशिवाय लावू नये.

शस्त्रक्रिया आहे, पण ती पिशवीची नव्हे. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवतात, किंवा रुग्णाच्याच शरीरातल्या पडद्याची. जाळीच्या तक्रारींमुळे इंग्लंडात २०१८ साली जाळीच्या पट्टीच्या शस्त्रक्रिया थांबवल्या, म्हणून कोणती पट्टी, ती काढावी लागली तर काय, हे आधी विचारा. तीन महिने नीट व्यायाम झाल्याशिवाय टेबलावर जाऊ नका.

हे आधी सांगायला हवं होतं: लघवीची तपासणी आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) पहिल्याच दिवशी करा, कारण जंतुसंसर्ग किंवा वाढलेली शुगर हेच मूळ असू शकतं. सोनोग्राफी करताना लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही मोजायला सांगा. १५० मिलीच्या वर उरत असेल तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाहीये, शुगरच्या रुग्णांत असं होतं, आणि तेव्हा घाईच्या गोळ्या तपासल्याशिवाय घेतल्या तर लघवी तुंबू शकते. लघवीत रक्त, अंग बाहेर आल्याची गाठ, रात्रंदिवस थेंबथेंब गळणं, यात व्यायामावर वेळ न घालवता बेळगाव, मिरज, कोल्हापूर जिथं जमेल तिथं दाखवा. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला आणि लघवी अचानक सुटली किंवा तुंबली तर त्याच दिवशी.