कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला पहिल्यांदाच तंबू घेऊन जाताय?

आधी जागा पक्की करा. योसेमिटी व्हॅलीतल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडचं बुकिंग पाच महिने आधी, १५ तारखेला पॅसिफिक वेळेप्रमाणे सकाळी ७ वाजता उघडतं आणि उन्हाळ्यातल्या तारखा बघता बघता संपतात. ऑनलाइन खातं आदल्या दिवशीच काढून ठेवा.

मग अस्वलं. इथल्या काळ्या अस्वलांना तुमच्यापेक्षा तुमच्या डब्यांत जास्त रस. लाडू, चिवडा, लोणचं तर झालंच, पण टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, बाळाचे वाइप्ससुद्धा कॅम्पसाइटवरच्या लोखंडी पेटीत ठेवायचे. रात्री गाडीत यातलं काहीही नको, रिकामा कूलरही नको. वासावर आलेलं अस्वल काच फोडतं, दार वाकवतं. मुलांच्या कार सीटखालचा बिस्किटांचा चुरा आठवणीने झाडा, तो हमखास राहतो.

व्हॅलीत पेट्रोल मिळत नाही. एल पोर्टल किंवा क्रेन फ्लॅटला टाकी भरून घ्या. उंची साधारण ४,००० फूट, त्यामुळे जूनमध्येही रात्री कानटोप्या लागतात. जेवणाचा फार घाट घालू नका. घरून भाजणी न्या, थालीपिठं लावा, पोरं हात चाटत खातात. रात्री १० नंतर आवाज चालत नाही, तेव्हा अंताक्षरी त्याआधीच उरका.