मगरीचा पट्टा हप्त्यावर घ्यावा का?

प्रश्न: ताई, माझं वय 34, नाशिकला एका कारखान्यात नोकरी. हातात 62,000 येतात. त्यातून घराचा हप्ता 23,500 आणि एसआयपी 5,000 जाते. लग्नात सासऱ्यांनी स्विस ऑटोमॅटिक घड्याळ दिलं होतं, तेव्हाची किंमत साधारण 55,000. त्याचा मगरीच्या कातडीचा मूळ पट्टा आता तुटला. एक ऑनलाइन विक्रेता बाहेरून अस्सल अ‍ॅलिगेटरचा पट्टा मागवून देतो म्हणतो, 24,000 रुपये, कार्डावर सहा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते. इथला दुकानदार म्हणतो, मगरीचा छाप असलेला चामड्याचा पट्टा 1,800 ला घ्या, दिसायला तसाच. रेक्झिनचा तर 450 लाच आहे. नकली पट्टा लावला तर घड्याळाची किंमत जाईल का? अस्सल घेणं ही गुंतवणूक समजावी का? कार्डावर सध्या 38,000 थकलेत, महिन्याला 4,000 भरतो. 60,000 ची एफडी आहे, ती मोडायची इच्छा नाही.

उत्तर:

आधी एक काम करा. तुटलेला पट्टा टाकून दिला नसेल तर तो उलटा करून आतल्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा. पन्नास-साठ हजारांच्या पट्टीतल्या बऱ्याच स्विस घड्याळांवर कंपनीच गाईच्या किंवा वासराच्या कातड्यावर मगरीचा छाप उठवलेला पट्टा बसवून देते. त्याच्या आत ‘जेन्युइन लेदर’ एवढंच छापलेलं असतं. पट्टा खरोखर अ‍ॅलिगेटरचा असेल तर कंपनी ते मिरवल्याशिवाय राहत नाही, ‘जेन्युइन अ‍ॅलिगेटर’ असं स्वच्छ लिहिते. तुमच्याही पट्ट्यावर नुसतं ‘लेदर’ निघण्याची शक्यता मला बरीच वाटते. तसं निघालं तर जो पट्टा इतकी वर्षं तुम्ही मगरीचा म्हणून वापरलात, तोही छापाचाच होता. मग सासऱ्यांच्या भेटीचा मान राखण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता गुंतवणुकीबद्दल. घड्याळाचा पट्टा स्कूटरच्या टायरसारखा आहे, वापरला की झिजणार आणि बदलावा लागणार. घड्याळ विकायला काढलंत तर घेणारा यंत्र, तबकडी, काच, खोका आणि कागदपत्रं बघतो. दुसऱ्याच्या घामाने काळवंडलेल्या पट्ट्याचे तो वेगळे पैसे देत नाही, मग तो पट्टा कुठल्याही प्राण्याचा असो. मूळ पट्टा आणि विशेषतः मूळ बक्कल मात्र जपून ठेवा. त्यांना थोडीफार किंमत असते.

आणि अस्सल पट्टा जास्त टिकतो हेही फारसं खरं नाही. अ‍ॅलिगेटरच्या पट्ट्यालाही आतून अस्तर बहुतेक वेळा वासराच्या कातड्याचंच असतं. पट्टा घामाने मरतो, आणि घाम अस्तराला लागतो. रोज घातला, धूळ आणि पावसाळा बघितला, तर 24,000 चा पट्टा दोन-तीन वर्षं काढेल असा माझा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला आठ ते बारा हजार. चांगला छापाचा पट्टा दीड वर्ष चालला तर वर्षाला 1,200 पडतात. रेक्झिनचा 450 चा पट्टा पाच-सहा महिन्यांत सोलायला लागतो, त्याचा हिशोब वर्षाला हजाराच्या आसपास येतो. इथे स्वस्तातला पट्टा शेवटी महागात पडतो असं मी म्हणणार नाही, कारण आकडे तसं सांगत नाहीत. रेक्झिनचा पट्टा दोनशे रुपयांनी स्वस्तच पडतो. तरी मी तो घेऊ नका म्हणेन, कारण त्याचा वरचा प्लास्टिकचा थर दमट हवेत सुटतो, मनगटाला चिकटतो, आणि निकृष्ट पट्ट्याची पिन निसटली तर 55,000 चं घड्याळ फरशीवर पडतं. दोनशे रुपयांसाठी तो धोका कशाला?

त्या ऑनलाइन विक्रेत्याबद्दल मला वेगळीच शंका आहे. जगात अ‍ॅलिगेटरच्या कातडीचा कायदेशीर व्यापार चालतो. अमेरिकेत लुईझियाना आणि फ्लोरिडात त्यांचं रीतसर पालन होतं. पण मगरीच्या सगळ्या जाती सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, आणि भारत 1976 पासून त्या करारात आहे. सीमा ओलांडणाऱ्या मालाला परवान्याची कागदं लागतात. ती नसतील तर कस्टम्स पार्सल अडवू शकतं, आणि अडकलेल्या पार्सलचे हप्ते तुमच्या कार्डावरून जातच राहतात. विक्रेत्याला परवान्याबद्दल विचारून बघा, तो काय उत्तर देतो त्यावरून बरंच कळेल. कुणी ‘इथलीच खरी मगर, तीन हजारांत’ असं सांगत आलं तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका. सांगलीच्या कृष्णेत आणि चिपळूणच्या वाशिष्ठीत दिसणारी मगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो माणूस एक तर थापा मारतोय, नाही तर तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय.

पट्ट्याचं एवढं पुरे. तुमच्या पत्रात मला खरी खटकली ती शेवटची दोन वाक्यं.

कार्डाच्या थकबाकीवर साधारणपणे महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. तुमच्या बिलाच्या मागे नेमका दर छापलेला असेल, तो बघा. 38,000 वर हे झाले 1,330 रुपये. या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 240. दोन्ही मिळून 1,570. दुकानदार जो छापाचा पट्टा 1,800 ला देतोय, जवळपास तेवढे पैसे तुम्ही दर महिन्याला बँकेला देताय आणि हातात काहीच येत नाही. तुम्ही भरता त्या 4,000 पैकी जेमतेम 2,400 मुद्दलात जातात. या वेगाने कर्ज फिटायला बारा-तेरा महिने लागतील आणि व्याज व कर मिळून सुमारे 11,000 जातील.

त्यात 24,000 चा पट्टा आला की महिन्याचा हप्ता 4,000. तुमच्याकडे सुटे होणारे पैसे तेवढेच. मग जुन्या थकबाकीत भरायला काही उरणार नाही, आणि सहा महिन्यांत ती 38,000 वरून 48,000 च्या पुढे जाईल, उशिराचा दंड वेगळाच. म्हणजे पट्टा 24,000 ला नाही, 34,000 ला पडला. बिनव्याजी हप्ताही पूर्ण फुकट नसतो. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देतो, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून जातं. शिवाय मागची थकबाकी शिल्लक असताना कार्डावरच्या नव्या खरेदीला एरवी मिळणारी व्याजमुक्त मुदत मिळत नाही. किराणा, पेट्रोल, सगळ्यावर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू असतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि बँक ते मोठ्या अक्षरात सांगत नाही.

म्हणून एफडी मोडा. हे ऐकायला आवडणार नाही, आपल्याकडे एफडी मोडणं म्हणजे घरातला डाग गहाण टाकल्यासारखं वाटतं. पण साडेसहा-सात टक्के मिळवायला पैसे एका हाताने ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने वर्षाला 42 टक्क्यांनी व्याज भरायचं, याला बचत म्हणत नाहीत. मुदतीआधी मोडल्याचा अर्धा-एक टक्का दंड आणि बुडालेलं व्याज धरलं तरी नुकसान दीड हजाराच्या आसपास, समोर वाचतात 11,000. एफडीतून 38,000 काढून कार्ड एका फटक्यात मिटवा. उरलेले 22,000 अडीअडचणीला राहू द्या. ते कमी आहेत हे मलाही कळतं, त्यामुळे पुढचे दहा महिने कार्डात जाणारे 4,000 रुपये आवर्ती ठेवीत टाका, एफडी पुन्हा होती तिथे येईल. एसआयपीला हात लावू नका.

आणि हो, पट्टा घ्या. 1,800 चा घ्या. महिन्याच्या पगाराच्या तीन टक्केही नाहीत ते, आणि रोज हातात दिसणारी वस्तू मनासारखी असावी यात मला काही उधळपट्टी वाटत नाही. फक्त दुकानात जरा वेळ घालवा. घड्याळाच्या दोन कानांमधलं, म्हणजे पट्टा अडकवायच्या टोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. 19 भरलं तर 20 चा पट्टा दाबून बसवू देऊ नका, आणि 18 चाही नको, फट दिसते. छाप बघा. मधले खवले चौकोनी, कडेला गोलसर होत गेलेले, खोल उठलेले असावेत. फार चकचकीत असेल तर वर प्लास्टिकचा थर आहे असं समजा. भोकाच्या आतली कड निरखून पाहा, तिथे कापडाचे धागे दिसले तर ते रेक्झिन. पट्टा दुमडून बघा, चिरा पडता कामा नयेत. आणि दुकानदाराला तुमचं जुनं स्टीलचं बक्कलच नव्या पट्ट्याला लावायला सांगा. पट्टा घ्यायच्या आधी बक्कल बसतंय ना ते तिथेच बघा, कारण त्या टोकाची रुंदी कानांकडच्या टोकापेक्षा बहुधा एक-दोन मिलिमीटरने कमी असते. घड्याळ कंपनीच्या सेवा केंद्रातही छापाचा पट्टा मिळेल, पण तिथे नावाचे जास्त पैसे मोजाल. मूळ पट्ट्याच्या टोकाला घड्याळाच्या अंगावर बसणारा खास आकार नसेल तर कंपनीच्याच पट्ट्याची गरज नाही.

बाजारात ज्याला ‘काफ लेदर’ म्हणतात ते वासराचं कातडं. घरात कुणाला चालत नसेल तर बकरीच्या किंवा म्हशीच्या कातड्यावरचा छाप मागा, आपल्याकडे तोही चांगला मिळतो. ‘लोक नकली म्हणतील’ ही भीती मात्र सोडा. कंपनीचं खोटं नाव ठोकलेला पट्टा नकली. मगरीचा छाप असलेलं चामडं हे चामडंच असतं आणि तसं सांगूनच विकलं जातं.

जून ते सप्टेंबर चामड्याचा पट्टा काढून तीनशे-चारशेचा नायलॉन किंवा रबरी पट्टा लावलात तर छापाचा पट्टा दीडऐवजी दोन-अडीच वर्षं सहज जाईल.

क्रम मात्र उलटा करू नका, आधी कार्ड, मग पट्टा. कार्डावरचं व्याज रोजच्या रोज मोजलं जातं, त्यामुळे 38,000 भरल्यानंतरही पुढच्या बिलात व्याजाचे काही शे रुपये येतील. बँकेने फसवलं असं समजून ते थकवू नका, पूर्ण भरा. त्याच्या पुढच्या बिलात जुन्या थकबाकीच्या व्याजाचा रकाना शून्य दिसला की दुकानात जा आणि पट्ट्याचे पैसे यूपीआयने द्या, कार्डाने नको.