सर्व्हरचे नाव बदलल्यावर आधी होस्ट्स फाइल पाहा

देवगडच्या आंबा-गोदामातील उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरचे नाव बदलल्यापासून प्रत्येक सुडो आज्ञेला, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवलेल्या आज्ञेला, होस्टचे (म्हणजे त्या यंत्राचे) नाव सापडत नसल्याची सूचना येते, असे तुम्ही लिहिले आहे. घाबरू नका, यंत्र बिघडलेले नाही आणि सर्व काही पुन्हा इन्स्टॉल करण्याची मुळीच गरज नाही.

यंत्राचे नाव बदलणारी होस्टनेमसीटीएल ही आज्ञा नवे नाव /ईटीसी/होस्टनेम या फाइलमध्ये लिहिते, परंतु कोणते नाव कोणत्या पत्त्याचे हे सांगणाऱ्या /ईटीसी/होस्ट्स या फाइलला ती हात लावत नाही, तेथे १२७.०.१.१ या पत्त्यासमोर जुनेच नाव राहते, आणि नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते. तेथे जुन्या नावाच्या जागी नवे नाव लिहा, मात्र १२७.०.०.१ आणि लोकलहोस्ट (यंत्राचे स्वतःसाठीचे नाव) यांची ओळ पुसू नका.

मग एवढे तपासा:
- लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, कारण आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलवर जुनेच नाव दिसत राहते.
- नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढेच असावे, अंडरस्कोर नको.

मृगाचा पाऊस सुरू होऊन विजेची ये-जा वाढण्यापूर्वी सर्व्हर एकदा स्वतः रीस्टार्ट करून नवे नाव टिकते का, हे अवश्य पाहा. डीएनएसच्या (नेटवर्कवर नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदींकडे आपण त्यानंतर वळू.